फायरवॉलला हात न लावता आत येणारे लोक: ऑफिसात सोशल इंजिनिअरिंग कसं चालतं आणि ते कसं अडवायचं

बऱ्याच ऑफिसांमध्ये सिक्युरिटी म्हटलं की फायरवॉलचं रिन्यूअल आणि अँटीव्हायरसची लायसन्स, एवढ्यावर विषय संपतो. दोन्ही हवंच, त्यावर वाद नाही. पण फायरवॉल बघते काय, तर कुठल्या ॲड्रेसवरून कुठल्या पोर्टवर काय येतंय आणि त्यात काही ओळखीचं वाईट आहे का. आता समजा कुणीतरी तुमच्या अकाउंट्समधल्या मॅडमचं खरं युजरनेम, खरा पासवर्ड आणि खरा ओटीपी टाकून व्हीपीएनवर, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेवर, आला, तर फायरवॉलच्या लेखी त्या मॅडमच आल्या, ती अडवणार कशी? सोशल इंजिनिअरिंग म्हणजे हेच, मशीनशी झटापट करत बसण्यापेक्षा माणसाकडून लॉगिन मागून घ्यायचं, आणि माणूस ते देतो कारण त्या क्षणी त्याला वाटतं की आपण आपलं रोजचं कामच करतोय. कुणाचा तरी पासवर्ड रिसेट करून देतोय, साहेबांनी सांगितलेलं पेमेंट सोडतोय, उमेदवाराचा सीव्ही उघडून बघतोय.

म्हणून हे लिहितोय ते ऑफिसात आयटी बघणाऱ्यांसाठी आणि तितकंच एचआर, अकाउंट्स, रिसेप्शनवाल्यांसाठी. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: आपल्याकडे सगळ्यात मोठं भोक हे आहे की खालच्या माणसाला वरच्या माणसाला उलट विचारता येत नाही. "सर, तुम्हीच बोलताय ना?" असं एमडींना विचारायची कुणाची हिंमत होत नाही, आणि हल्ला करणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. तेव्हा खाली जे जे उपाय दिलेत त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, आलेल्या फोनवर काम करायचं नाही, आपण आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन करायचा, आणि तो करायची लेखी परवानगी सगळ्यांना द्यायची.

आधी बाहेरून आपल्याच ऑफिसकडे बघा

एक दुपार काढा आणि ऑफिसच्या बाहेरच्या नेटवरून, साध्या मोबाइलवरून, आपल्या कंपनीबद्दल काय काय सापडतं ते लिहून काढा. लिंक्डइनवर कोण कुठल्या डिपार्टमेंटला आहे, कोण नवीन जॉइन झालंय, कुणाचा बॉस कोण हे सगळं असतं, आणि नवीन जॉइन झालेली मुलं पहिल्या दिवशी आयकार्ड गळ्यात घालून फोटो टाकतात ते वेगळंच, त्या फोटोवरून आयकार्डची डिझाइन आणि एम्प्लॉयी कोडचा फॉरमॅट दोन्ही मिळतं. नोकरीच्या जाहिरातीत एचआर लिहिते की अमुक कंपनीची फायरवॉल, अमुक ईआरपी (अकाउंट्सपासून स्टॉकपर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर), अमुक व्हर्जनचा अनुभव हवा, म्हणजे आत काय बसवलंय त्याची यादीच झाली. कंपनीचे डायरेक्टर कोण हे सरकारी रेकॉर्डवर उघड असतं, जीएसटी नंबर टाकला की नाव पत्ता येतो, तेही उघडच असतं, ते काही झाकता येणार नाही.

झाकता येतं ते झाका. जाहिरातीत ब्रँड आणि व्हर्जन लिहू नका, "नेटवर्क सिक्युरिटीचा अनुभव" एवढं पुरतं. सुट्टीवर जाताना जो ऑटो रिप्लाय लावतो तो बघा, "मी १२ तारखेपर्यंत गावी आहे, अर्जंट असेल तर अमुक मॅडमना या मोबाइलवर फोन करा, त्यांना पेमेंटचे अधिकार दिलेत" असला मजकूर बाहेरच्यांना जाऊ द्यायचा नाही. आउटलुकमध्ये आतल्यांसाठी वेगळा आणि बाहेरच्यांसाठी वेगळा रिप्लाय लावता येतो, बाहेरचा एका ओळीचा ठेवा. आणि ही यादी करून झाली की ती टीमला दाखवा, कारण "त्याला आपल्या मॅनेजरचं नाव माहीत होतं, म्हणजे आतलाच असणार" हा समज मोडायला याच्याइतकं दुसरं काही कामाला येत नाही.

हेल्पडेस्कचा फोन, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

१५ जुलै २०२० ला ट्विटरवर ओबामा, बायडन, मस्क अशा लोकांच्या अकाउंटवरून बिटकॉइन पाठवा असे मेसेज पडले. एकूण १३० अकाउंटना हात घातला गेला होता. मागे कुठला भारी व्हायरस नव्हता. कोविडमुळे सगळे घरून काम करत होते, व्हीपीएनची रडारड रोजचीच होती, हल्लेखोरांनी कर्मचाऱ्यांना फोन केले की आयटीतून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनचा प्रॉब्लेम आलाय ना, या साइटवर लॉगिन करा. साइट हुबेहूब कंपनीच्या लॉगिनसारखी. तिथे टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरला जात होता. मुख्य आरोपी फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा निघाला.

याचा उलटा प्रकार म्हणजे कर्मचारी असल्याचं सोंग घेऊन हेल्पडेस्कलाच फोन करायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्समध्ये असंच झाल्याच्या बातम्या आल्या, हॉटेलच्या खोल्यांच्या डिजिटल किल्ल्या, स्लॉट मशीन, बुकिंग सगळं कोलमडलं आणि कंपनीने स्वतःच जाहीर केलेला फटका साधारण १० कोटी डॉलरचा होता. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरचं ऑनलाइन दुकान जवळपास दीड महिना बंद पडलं, तिथेही सुरुवात कुणीतरी दुसऱ्याच माणसाचं सोंग घेण्यातून झाली आणि त्यात बाहेरच्या कंत्राटी कंपनीचा संबंध होता असं कंपनीच्या अध्यक्षांनी तिथल्या खासदारांपुढे सांगितलं. कंपनीने नफ्यावर अंदाजे ३० कोटी पौंडांचा परिणाम धरला होता. एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांच्याकडे फायरवॉल नव्हती का? होती, पण हेल्पडेस्कवरच्या माणसाचं कामच मदत करणं आहे, त्याला दिवसभरात असे कितीतरी फोन येतात आणि बहुतेक सगळे खरेच असतात.

आता करायचं काय. पासवर्ड रिसेट आणि ओटीपीचा फोन बदलून देणं, या दोन कामांची लेखी पद्धत बनवा, एका पानाची, आणि ती हेल्पडेस्कच्या टेबलावर चिकटवा. आलेल्या कॉलवर रिसेट होणार नाही. "तुमचा कॉल ठेवतो, रेकॉर्डमधल्या नंबरवर परत करतो" म्हणायचं आणि एचआरच्या रेकॉर्डमधल्या नंबरवर फोन लावायचा. स्क्रीनवर कुठला नंबर दिसतोय त्याला काही किंमत नाही, तो खोटा दाखवता येतो. समोरचा म्हणाला की माझा नंबरच बदललाय, फोन हरवलाय, तर मग त्याच्या मॅनेजरला हेल्पडेस्कने स्वतः फोन करायचा, किंवा माणसाने ऑफिसात येऊन आयकार्ड दाखवायचं. एमडी, सीएफओ (कंपनीचे पैसे बघणारे मुख्य अधिकारी), आणि ज्यांच्याकडे ॲडमिन राइट्स, म्हणजे सिस्टिममध्ये काहीही बदलायचे अधिकार, आहेत त्यांच्यासाठी दोन जणांची मंजुरी, आणि शक्यतो समोरासमोर.

जन्मतारीख, एम्प्लॉयी कोड, पॅन, आधारचे शेवटचे चार आकडे, हे विचारून ओळख पटवायची पद्धत बंद करा. ही माहिती गुप्त नसतेच. आपल्याकडे सॅलरी स्लिपच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख, हॉटेलपासून सिमकार्डच्या दुकानापर्यंत आधारची झेरॉक्स दिलेली असते, मग ते सांगणारा तोच माणूस आहे हे कशावरून?

ओटीपीचं डिव्हाइस बदलून देणं हे पासवर्डपेक्षा जास्त गंभीर धरा, कारण ते एकदा हल्लेखोराच्या फोनवर गेलं की पुढचं सगळं त्याच्या हातात जातं. कुठलाही रिसेट झाला की जुन्या नंबरवर, त्याच्या दुसऱ्या मेलवर आणि मॅनेजरला आपोआप मेसेज गेला पाहिजे, म्हणजे खऱ्या माणसाला कळतं तरी.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही ती म्हणजे हेल्पडेस्कचं टार्गेट. प्रत्येक कॉल इतक्या मिनिटांत संपवायचा असा हिशोब असेल तर तो मुलगा उलटा फोन कशाला करेल, त्याचा महिन्याचा आकडा बिघडतो. रिसेटचे कॉल त्या हिशोबातून बाहेर काढा. हेल्पडेस्क बाहेरच्या कंपनीला दिलं असेल तर हीच पद्धत कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला आणि अधूनमधून, त्यांच्या मॅनेजमेंटला सांगून, आपणच टेस्ट कॉल करून बघा.

आणि एमडींच्या सहीचं पत्र घ्या. चार ओळींचं, की ओळख पटवायला उलटा फोन केल्याबद्दल कुणालाही बोल लावला जाणार नाही, मी स्वतः फोन केला तरी हाच नियम. ते पत्र सगळ्यांना पाठवा. मग एखाद दिवशी साहेब खरंच एअरपोर्टवरून चिडून फोन करतील की लगेच रिसेट करून दे, आणि हेल्पडेस्कवरचा मुलगा म्हणेल सर, परत फोन करतो. त्या दिवशी साहेबांनी त्याला शाबासकी दिली तर पुढची कित्येक वर्षं हा नियम टिकेल, ओरडले तर त्याच संध्याकाळी मोडला असं समजा. म्हणून हे साहेबांशी आधी बोलून ठेवा.

ओटीपी आहे म्हणून निवांत राहू नका

सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराकडे एका कॉन्ट्रॅक्टरचा पासवर्ड होता, बहुधा डार्क वेबवरून, म्हणजे इंटरनेटच्या चोरबाजारातून, विकत घेतलेला. मोबाइलवर "हे तुम्हीच आहात का, ॲप्रूव्ह करा" अशी नोटिफिकेशन येत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी त्या माणसाने एक ॲप्रूव्ह केली. हल्लेखोराच्या म्हणण्यानुसार त्याने मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेजही टाकला होता की मी उबरच्या आयटीतून आहे, हे थांबवायचं असेल तर ॲप्रूव्ह करा. आणि आत गेल्यावर त्याला शेअर फोल्डरमध्ये एक स्क्रिप्ट सापडली ज्यात ॲडमिनचा पासवर्ड सरळ लिहून ठेवलेला होता. हे दुसरं वाचून आपल्या शेअर फोल्डरवर आजच एक नजर टाका, "पासवर्ड" नावाची एक्सेल शीट निघण्याची शक्यता बरीच आहे.

नुसतं ॲप्रूव्हचं बटण असेल तर ते बदलून नंबर मॅचिंग लावा, म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा मोबाइलमध्ये टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून ते आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये सक्तीचं केलंय, पण इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये सेटिंग तपासावं लागतं. लोकांना एवढंच सांगा, आपण लॉगिन करत नसताना नोटिफिकेशन आली तर नकार द्या आणि लगेच आयटीला कळवा, कारण त्याचा अर्थ पासवर्ड ऑलरेडी बाहेर गेलाय.

पण नंबर मॅचिंग आणि ओटीपी दोन्ही खोट्या साइटपुढे कमी पडतात. खोटी साइट मध्ये बसते, तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी पुढे खऱ्या साइटला देते आणि तिकडून मिळालेली सेशन कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, स्वतःकडे ठेवते, मग हल्लेखोराला पुन्हा ओटीपी लागतच नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पासकी (फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीला लावायची सिक्युरिटी की. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, ठरलेल्या कुलपालाच लागणाऱ्या किल्लीसारखी, खोट्या साइटवर माणूस कितीही फसला तरी ती चालतच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन अमेरिकन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास एकाच प्रकारचे एसएमएस गेले, की तुमचं शेड्यूल बदललंय, लॉगिन करा. ट्विलिओमध्ये हल्लेखोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरमध्ये ७६ जणांना एका मिनिटाच्या आत मेसेज आले, ३ जणांनी पासवर्ड टाकलेसुद्धा, पण प्रत्येकाकडे सिक्युरिटी की होती म्हणून पुढे काहीच झालं नाही. म्हणजे माणसं दोन्हीकडे सारखीच होती. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून जास्त कर्मचाऱ्यांना अशा की सक्तीच्या केल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापासून एकाचंही ऑफिसचं अकाउंट फिशिंगने, म्हणजे खोट्या मेल किंवा साइटने फसवून, गेलेलं नाही.

बजेट कमी असेल तर सगळ्यांना एकदम देत बसू नका. आधी ॲडमिन, मग अकाउंट्स, मग एचआर आणि डायरेक्टर. प्रत्येकाला दोन द्या, एक घरी कपाटात ठेवायला, नाहीतर एक हरवली की परत हेल्पडेस्कला फोन आणि आपण पुन्हा तिथेच.

मेल, सीव्ही आणि "मी रोबोट नाही"

बांगलादेश बँकेची गोष्ट प्रत्येक एचआरवाल्याला सांगायला हवी. फेब्रुवारी २०१६ मध्ये या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळपास ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न झाला आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. सुरुवात कुठून, तर आदल्या वर्षी आलेल्या नोकरीच्या अर्जांतून, मला तुमच्याकडे काम करायचंय, माझा सीव्ही या लिंकवर आहे, अशी साधी नम्र मेल. आणि चोरीसाठी दिवसही निवडून घेतला होता, गुरुवारची रात्र, शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. आपल्याकडे गणपती, दिवाळी आणि ३१ मार्चची धावपळ या काळात तेवढंच सावध राहायला हवं, लोक कमी असतात किंवा घाईत असतात.

उपाय सोपा आहे, सीव्ही एचआरच्या मेन कॉम्प्युटरवर लिंकवरून डाउनलोड करायचेच नाहीत. अर्ज फॉर्मवरून घ्या, फक्त पीडीएफ घ्या आणि ब्राउझरमध्येच उघडा. आणि जंक फोल्डरमधून काही बाहेर काढायचं असेल तर आधी विचारायचं. २०११ मध्ये आरएसए या सिक्युरिटी कंपनीतच हे झालं, भरतीच्या प्लॅनची एक्सेल फाइल जोडलेली मेल फिल्टरने बरोबर जंकमध्ये टाकली होती, एका कर्मचाऱ्याने ती तिथून काढून उघडली. मशीनने आपलं काम केलं होतं.

सध्या जो प्रकार जोरात आहे तो म्हणजे खोटं कॅप्चा. वेबसाइट उघडते, "मी रोबोट नाही" असा चौकोन येतो आणि खाली लिहिलेलं असतं की खात्रीसाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या पानाने गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि माणूस स्वतःच्या हाताने ती आपल्या कॉम्प्युटरवर चालवतो. अँटीव्हायरसला बऱ्याचदा यात संशय येण्यासारखं काही दिसत नाही. ऑफिसात ज्यांना रन बॉक्स (विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणारी कमांडची चौकट) लागत नाही, म्हणजे जवळपास सगळेच, त्यांच्या मशीनवर ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने, तो बंद करा. आणि सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावा, कुठलीही खरी वेबसाइट किबोर्डची बटणं दाबून काही पेस्ट करायला सांगत नाही.

बाकी नेहमीचं: बाहेरून आलेल्या मेलवर वरती ठळक पट्टी, डीमार्क (आपल्या डोमेनच्या नावाने पाठवलेल्या खोट्या मेल ओळखायची सेटिंग) नुसतं लावून न ठेवता रिजेक्टपर्यंत, म्हणजे अशा मेल नाकारण्यापर्यंत, नेणं, कुणालाही लॅपटॉपवर लोकल ॲडमिन, म्हणजे हवं ते इन्स्टॉल करायचा अधिकार असलेला, न ठेवणं. हे आयटीवाल्यांना माहीत असतं, राहून गेलेलं असतं एवढंच.

रिमोट सपोर्टवाला

छोट्या ऑफिसांत टॅलीवाला, प्रिंटरवाला, सीसीटीव्हीवाला, सगळे एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून, येतात. फोन येतो, "मॅडम, तो नऊ आकडी नंबर सांगा", मॅडम सांगतात, ॲक्सेप्ट दाबतात आणि चहाला जातात. ही सवय इतकी मुरलीय की कुणीही "टॅली सपोर्टमधून बोलतोय, तुमचं लायसन्स एक्स्पायर होतंय" म्हणाला तरी काम होतं. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका टोळीबद्दल इशारा दिला, ते आधी माणसाच्या मेलबॉक्सवर हजारो फालतू मेलचा मारा करायचे आणि मग आयटी सपोर्ट म्हणून फोन करायचे की तुमचा स्पॅमचा प्रॉब्लेम सोडवतो, विंडोजमध्येच असलेलं क्विक असिस्ट उघडा. वैतागलेला माणूस त्याला देवासारखा धावून आला असं समजतो. पुढे हेच टीम्सवरूनही, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस चॅट आणि कॉलच्या ॲपवरूनही, सुरू झालं.

तेव्हा एकच रिमोट टूल ठरवा आणि बाकी सगळी ब्लॉक करा, क्विक असिस्ट लागत नसेल तर काढून टाका. टीम्सवर अनोळखी बाहेरच्यांना थेट मेसेज किंवा कॉल करता येत असेल तर ते बंद करा आणि लागतील तेवढेच डोमेन उघडा. बाहेरच्या सपोर्टला ॲक्सेस द्यायचा तर आधी तिकीट किंवा निदान रजिस्टरमध्ये नोंद, फोन आपण त्यांच्या बिलावरच्या नंबरवर लावायचा, आणि काम चालू असेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

पैसे मागणारा मेसेज

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटला अदर पूनावालांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमुळे एक कोटीहून जास्त रुपयांचा फटका बसला. मेसेज कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आला होता, या या खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. मालकांच्या नावाने निरोप आला की आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या इंजिनिअरिंग कंपनीत याच्याही पुढचं घडलं, कर्मचाऱ्याला पहिल्या मेलवर संशय आला होता, पण मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात सीएफओ आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि ते सगळे एआयने बनवलेले होते. १५ ट्रान्सफरमध्ये २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे "चेहरा बघितला, आवाज ऐकला" ही खात्री आता धरता येत नाही.

इथे नियम कडक हवेत. व्हॉट्सॲपवरच्या सूचनेवर पेमेंट नाही, कुणाच्याही. ठरावीक रकमेच्या वर दोन जणांची मंजुरी, आणि दुसऱ्याने पहिल्याला विचारून नव्हे, तर स्वतः खात्री करून दाबायचं. व्हेंडरने बँक खातं बदललं असं कळवलं तर मेल खऱ्या पत्त्यावरून आली असली तरी थांबा, कारण कित्येकदा व्हेंडरचाच मेलबॉक्स हॅक झालेला असतो आणि जुन्याच मेलला रिप्लाय म्हणून नवीन खात्याचा नंबर येतो. जुन्या पीओवरच्या (परचेस ऑर्डरवरच्या) नंबरवर फोन करा, त्याच मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. मग नव्या खात्यात १ रुपया टाका आणि तो मिळाला का हे त्याच जुन्या नंबरवर विचारा.

"कुणाला सांगू नकोस, कॉन्फिडेन्शियल डील आहे" आणि "आत्ताच्या आत्ता" हे दोन शब्दप्रयोग एकत्र आले की काम जागेवर थांबवायचं, हे अकाउंट्सच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दरवाजा आणि पेनड्राइव्ह

हे थोडक्यात. दोन्ही हातात खोके घेऊन आलेल्या माणसाला आपण दार धरून ठेवतो, ते माणुसकी म्हणून ठीक आहे, पण त्याला आधी रिसेप्शनवर बसवायचं. एसी सर्व्हिसिंगवाला, पाण्याचे जार आणणारा, कुरिअर, कुणी बोलावलंय त्याचं नाव विचारून त्या माणसाने खाली येऊन घेऊन जायचं. मीटिंग रूममधले रिकामे नेटवर्क पॉइंट बंद ठेवा, गेस्ट वायफाय वेगळं ठेवा. पेनड्राइव्हबद्दल, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी कॅम्पसवर २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले, बहुतेक सगळे उचलले गेले आणि किमान ४५ टक्के ड्राइव्हमधल्या फाइली कुणीतरी उघडल्या. यूएसबी स्टोरेज पॉलिसीने बंद करा, ज्याला खरंच लागतं त्याच्यासाठी एक वेगळा, नेटवर्कला न जोडलेला कॉम्प्युटर ठेवा.

ट्रेनिंगबद्दल जरा स्पष्ट बोलतो

वर्षातून एकदा ऑनलाइन व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट, झालं. याने ऑडिट पास होतं, फार काही बदलत नाही. अमेरिकेत यूसी सॅन डिएगो विद्यापीठाच्या हॉस्पिटल समूहात ८ महिने १९,५०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला तर फिशिंगचं ट्रेनिंग मिळालेल्यांचं फसण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा फक्त १.७ टक्क्यांनी कमी निघालं. याचा अर्थ ट्रेनिंग देऊ नका असा मी काढत नाही, मी असा काढतो की सगळा भार माणसाच्या डोळ्यांवर टाकू नका. वर सांगितलेल्या पद्धती, सिक्युरिटी की, दोन जणांची मंजुरी, हे सगळं अशासाठी की माणूस दमलेला असला, घाईत असला, फसला, तरी पुढे नुकसान होऊ नये.

ट्रेनिंग द्यायचं तर डिपार्टमेंटप्रमाणे द्या. एचआरला सीव्हीचं, अकाउंट्सला बँक खात्याचं, हेल्पडेस्कला फोनचं, अर्धा अर्धा तास, मराठीत किंवा जी भाषा लोक बोलतात तिच्यात, आणि फोनचा प्रसंग प्रत्यक्ष करून बघा, एकाने रागावलेला साहेब व्हायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. नाही म्हणायची वाक्यं तोंडात बसली पाहिजेत, "नियम आहे सर, दोन मिनिटांत परत फोन करतो". खोट्या फिशिंग मेलची टेस्ट घ्यायची असेल तर बोनस आणि पगारवाढीच्या नावाने घेऊ नका, लोकांच्या मनाला लागतं आणि आयटीवरचा विश्वास जातो. फसलेल्यांची नावं ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको, तसं केलं की पुढच्या वेळी खरंच क्लिक झालं तरी तो माणूस घाबरून गप्प बसेल आणि हल्लेखोराला शांतपणे काम करायला अख्खा दिवस मिळेल. किती जण फसले यापेक्षा किती जणांनी किती लवकर कळवलं, हा आकडा मोजा.

क्लिक झालंच तर

माणसाने पहिलं काम करायचं ते म्हणजे आयटीला फोन, मेल नाही, कारण मेलबॉक्स हल्लेखोराच्या हातात गेलेला असू शकतो. कॉम्प्युटरची केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका किंवा फॉरमॅट मारू नका, आत काय झालं ते शोधायला ते लागतं. आयटीने दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदलायचा आणि त्या युजरची सगळी चालू सेशन तोडायची, हे राहतंच नेहमी, नुसता पासवर्ड बदलून चोरलेली सेशन कुकी बंद होईलच असं नाही. मग त्या अकाउंटवर ओटीपीसाठी कुठला नवीन फोन जोडला गेलाय का, कुठल्या अनोळखी ॲपला परवानगी दिली गेलीय का ते बघायचं.

पैसे गेले असतील तर आधी आपल्या बँकेला आणि लगेच १९३० ला फोन, सोबत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. इथे मिनिटं महत्त्वाची असतात, पैसे पुढच्या खात्यांत फुटण्याआधी गोठवता आले तर परत मिळायची आशा असते, तेव्हा "आधी साहेबांना विचारू" म्हणून थांबायचं नाही, हाही अधिकार त्या चार ओळींच्या पत्रातच देऊन ठेवा. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, ती मेल कोण पाठवणार त्याचं नाव आजच ठरवून ठेवा, त्या गडबडीत फॉर्म शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

सगळं आवरल्यावर एक शेवटची जागा तपासा, मेलबॉक्सचे रूल्स. हल्लेखोर बऱ्याचदा असा रूल लावून जातो की "इन्व्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेली मेल बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड व्हावी आणि इथे कुठल्यातरी आडबाजूच्या फोल्डरमध्ये जावी. पासवर्ड बदलला तरी तो रूल चालूच राहतो. ज्याचं अकाउंट गेलं त्याचाच नाही, त्याच्या आख्ख्या डिपार्टमेंटचे रूल्स बघा, आणि बाहेर आपोआप फॉरवर्ड होणं संपूर्ण कंपनीसाठी बंद करून टाका.